विद्यार्थ्यांचे समूह समुपदेशन : गरज आणि आपली जबाबदारी

(राजगुरुनगर येथील विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण गुणवंतांचा सत्कार केला. तो त्यांच्या कष्टाचा मान आहे, त्याबद्दल त्यांचे अभिनंदन. परंतु मला बोलायचे आहे ते आज येथे न आलेल्या मुलामुलींविषयी. पहिल्या वर्षाला चार विषय राहिले, ए.टी.के.टी. लागली, चाकणला रात्रपाळी करून आल्यावर सकाळच्या तासाला डोळे मिटतात, अशी मुले आपल्या कार्यक्रमाला येत नाहीत. आली तरी मागच्या रांगेत बसून लवकर निघून जातात. त्यांच्याशी कोणी बोलायचे?

मी बँकेत कारकून आहे. शिष्यवृत्ती जमा होण्याच्या दिवसांत महाविद्यालयातली मुले पासबुक घेऊन खिडकीशी येतात आणि आवाज खाली करून विचारतात, "साहेब, माझेच पैसे का आले नाहीत?" एकाचे आधार खात्याला जोडलेले नसते, दुसऱ्याचा अर्ज कुठेतरी अडकलेला असतो. एकाच दिवशी दहा जण हाच प्रश्न विचारून जातात. दहाही जणांना वाटते की अडचण आपल्या एकट्याचीच आहे. एकमेकांच्या मागे उभे असूनही ते एकमेकांशी बोलत नाहीत. पैशाच्या बाबतीत जे घडते, तेच मनाच्या बाबतीत घडते. अभ्यास झेपत नाही, इंग्रजी समजत नाही, घरच्यांच्या अपेक्षांचे ओझे वाटते, असे प्रत्येकाला वाटते. पण 'हे माझ्या एकट्याचेच' म्हणून तो गप्प राहतो. ही गप्प राहण्याची सवय जिवावर बेतू शकते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि त्यांत सर्वाधिक, म्हणजे १,७६४, आपल्या महाराष्ट्रातले होते.

समूह समुपदेशन हा या एकटेपणावरचा एक उपाय आहे. आठ-दहा विद्यार्थी प्रशिक्षित समुपदेशकाबरोबर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, गोलाकार बसतात. काही आठवडे तीच मुले, तीच जागा. प्रवेश देण्यापूर्वी समुपदेशक प्रत्येकाशी वेगळा बोलतो. ज्याला डॉक्टरी उपचारांची गरज आहे त्याला तो मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो. नियम साधे असतात. येथे बोललेले बाहेर न्यायचे नाही. कोणावर बोलण्याची सक्ती नाही. एक जण बोलत असताना मध्ये तोडायचे नाही. कोणी न मागता उपदेश करायचा नाही. मात्र एखाद्याच्या जिवाला धोका दिसला तर समुपदेशक ते स्वतःपाशी ठेवत नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगितले जाते.

ही रीत नवी नाही. १९०५ साली अमेरिकेत बोस्टन शहरी डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयाच्या गरीब रुग्णांना नियमाने एकत्र बसवून आरोग्याचे धडे देण्यास सुरुवात केली. रुग्णांना धड्यांइतकाच आधार एकमेकांच्या सोबतीचा मिळतो, असा तेथे अनुभव आला. आपल्या जवळचेच उदाहरण घ्यायचे तर पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. तेथेही समूहात बसून मोकळेपणाने बोलणे हा उपचाराचाच भाग आहे.

आणि आपणा बौद्धांना तर हे परके वाटू नये. किसा गोतमीची कथा आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. तथागतांनी तिला दुःखावर प्रवचन दिले नाही; मोहरी आणायला दारोदार पाठवले. घरोघरची माणसे आपापले मृत सांगू लागली, तेव्हा तिला कळले की हे दुःख आपल्या एकटीचे नाही. समूह समुपदेशनाचे मर्म हेच आहे.

यात एक गोष्ट आपण विसरता कामा नये. आपल्या मुलांचे सर्वच दुःख मनातून उगवलेले नसते. 'कोट्यातून आलास' हे वाक्य ज्याला एकट्याला ऐकावे लागते, तो हळूहळू स्वतःलाच कमी समजू लागतो. तेच चार जणांनी एकमेकांना सांगितले की कळते, खोट आपल्यात नाही, बोलणाऱ्याच्या वागण्यात आहे. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला आणि मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांना आपण गमावले. अशा प्रसंगी समुपदेशन म्हणजे न्यायाची जागा घेणारे मलम नव्हे. छळ झाला तर तक्रार झालीच पाहिजे. परंतु तक्रार लिहिणारा हात थरथरू नये म्हणून पाठीशी चार माणसे लागतात, आणि ती अशा समूहातून मिळतात.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध ठेवावा, असे त्यात सांगितले आहे. विद्यापीठाचे आवार गणेशखिंडीत, येथून ४० किलोमीटरवर. रात्रपाळी करणारा मुलगा तेथवर जाणार नाही. म्हणून समुपदेशक आपल्या तालुक्यातल्या महाविद्यालयात आला पाहिजे, आणि ही मागणी पालकांनी व आपल्यासारख्या संस्थांनी लेखी केली पाहिजे.

आता संस्थेपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, संस्थेच्या शिष्टमंडळाने तालुक्यातील प्राचार्यांना भेटून अशा गटाची मागणी करावी आणि वेळ ठरवताना कामावर जाणाऱ्या मुलांच्या पाळ्या विचारात घ्याव्यात. दुसरी, महाविद्यालयात सोय होईपर्यंत विहाराची खोली द्यावी व समुपदेशकाचा प्रवासखर्च उचलावा. तिसरी सूचना आपणा वडीलधाऱ्यांना थोडी जड जाईल. खोली आपली असली तरी आपण आत बसू नये. आपल्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. दाराशी काका आणि खिडकीत मामा असले तर पोर तोंड उघडणार नाही. कोण आले, काय बोलले, हे विचारूही नये. शक्यतो एकाच आळीची किंवा नात्यातली मुले एका गटात घेऊ नयेत.

विद्यार्थी मित्रांनो, गट सुरू होण्याची वाट पाहण्याइतका धीर उरला नसेल, तर १४४१६ हा क्रमांक लक्षात ठेवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेलि-मानस' ही शासनाची विनामूल्य सेवा रात्रंदिवस आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

विनयपिटकात एका आजारी भिक्खूची हकिगत आहे. तो स्वतःच्याच घाणीत पडून होता. मी इतरांच्या काही उपयोगाचा नाही म्हणून कोणी माझ्याकडे पाहत नाही, असे त्याने भगवंतांना सांगितले. भगवंतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, आणि मग संघाला बजावले की येथे तुम्हाला आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा करायची आहे. जो गुणवत्ता यादीत नाही, ज्याच्यामुळे संस्थेचे नाव छापून येत नाही, त्याचीही विचारपूस जेथे होते, तोच संघ. आपण रोज तिसरे शरण संघाला जातो. तो संघ आपल्या मुलांना अडचणीच्या वेळी सापडावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो आणि थांबतो.

नमो बुद्धाय! जयभीम!