सहावीचे मूल कोणत्या शाळेचे?
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या शिक्षण परिसंवादातील व्याख्यान)





सुवर्णमहोत्सवात इमारतींचा, दानशूरांचा आणि दहावीच्या निकालांचा गौरव होणे स्वाभाविक आहे. परंतु शाळा किंवा वसतिगृह चालविणाऱ्या प्रत्येक संस्थेपुढे वरकरणी किरकोळ वाटणारा एक प्रश्न उभा असतो. सहावीत बसणारे अकरा वर्षांचे मूल प्राथमिक शाळेचे की माध्यमिक शाळेचे? महाराष्ट्रात याची दोन उत्तरे शेजारी शेजारी नांदत आली आहेत. सातवीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळेत सहावीचे मूल थोरले असते. धाकट्यांना रांगेत उभे करण्याचे काम त्याच्याकडे येते. तेच मूल हायस्कुलात असेल, तर दहावीच्या मुलांमध्ये ते अगदी धाकटे ठरते.

ही दुहेरी व्यवस्था आली कोठून? पूर्वी मुंबई इलाख्यात मराठी चौथी झाली की 'इंग्रजी पहिली' सुरू होत असे. तीच पुढे हायस्कूलची पाचवी झाली. ज्यांना इंग्रजी शाळा परवडत नसे किंवा जवळ नसे, ते मराठी शाळेतच सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, पूर्ण करीत. अशा 'फायनल' झालेल्यांपैकी अनेकांनी पुढे प्राथमिक शिक्षक म्हणून खेडीपाडी शिकविली. याचा अर्थ असा की, चौथीनंतरची सीमारेषा भाषेसाठी आखली गेली होती. बालकाच्या वाढीचा विचार तिच्यामागे नव्हता. महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केले तेव्हा त्या रेषेचे मूळ कारण संपले. रेषा मात्र राहिली.

२००९ च्या बालकांच्या शिक्षण हक्क कायद्याने दुसरी रेषा आखली. पहिली ते पाचवी एक टप्पा, सहावी ते आठवी दुसरा. पहिल्या टप्प्यासाठी वर्षाला २०० दिवस व ८०० तास, तर दुसऱ्यासाठी २२० दिवस व १००० तास. सहावीपासून विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक हवा, असेही कायदा सांगतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तिसरी ते पाचवी आणि सहावी ते आठवी असेच टप्पे मानले. मग पाचवी प्राथमिकला जोडण्यास इतका वेळ का लागावा? चर्चा मुलांच्या हिताच्या भाषेत होते. खरा तिढा पुष्कळदा संचमान्यतेचा असतो. एक वर्ग गेला की तुकड्या कमी होतात आणि शिक्षक अतिरिक्त ठरतात. त्या शिक्षकांची चिंता खोटी नाही, परंतु ती मुलाच्या नावावर मांडली जाऊ नये.

अमेरिकेत हाच वाद सहावीवरून होत आला आहे. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी सातवी ते नववीच्या 'ज्युनियर हाय' शाळा निघाल्या. १९६० नंतर सहावी ते आठवीच्या 'मिडल स्कूल' वाढल्या आणि सहावी प्राथमिक शाळेतून बाहेर पडू लागली. नॉर्थ कॅरोलिना राज्याविषयी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मिडल स्कूलमध्ये गेलेल्या सहावीच्या मुलांविरुद्ध शिस्तभंगाच्या नोंदी प्राथमिक शाळेत राहिलेल्या सहावीच्या मुलांपेक्षा बऱ्याच अधिक आढळल्या. न्यूयॉर्क शहराच्या २०१० मधील अभ्यासात शाळा बदलण्याच्या त्याच वर्षी गणित व इंग्रजीतील गुण घसरल्याचे दिसले. तेथील निष्कर्ष जसाच्या तसा येथे लागू होत नाही, कारण आपल्याकडची पटसंख्या, अंतरे आणि परीक्षा निराळ्या आहेत. तरी त्यातून एक गोष्ट उमगते. या वयाला नव्या इमारतीपेक्षा अनेक अनोळखी मोठ्या माणसांच्या हाती एकदम जाणे जड जाते.

जैन समाजाला हे नवे नाही. बाजारपेठेच्या गावातील दहा-अकरा वर्षांचा मुलगा बोर्डिंगात पाठविणे ही कित्येक घराण्यांची रीत होती. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहूनच राजाराम हायस्कुलात शिकले. पुढे १९२४ साली त्यांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले, तेव्हा त्या मुलांना लक्ष्मीबाईंच्या रूपाने आईच मिळाली. मुलांच्या जेवणासाठी त्या माउलीने मंगळसूत्रदेखील मोडले. त्या वसतिगृहात मुलाला ताप आला तर कोणाकडे जायचे हे त्याला ठाऊक होते. आजच्या सहावीच्या वर्गात तासागणिक शिक्षक बदलतात. अशा वेळी मुलाने कोणाकडे जावे?

यास्तव सहावी कोणत्या इमारतीत भरते यावर हट्ट धरण्याचे कारण नाही. विज्ञानाला पदवीधर शिक्षक आणि प्रयोगशाळा हवी, हा हायस्कूलवाल्यांचा मुद्दा रास्त आहे. गणित-विज्ञान विषयशिक्षकाने शिकवावे. मात्र भाषा आणि सामाजिक शास्त्रे एकाच वर्गशिक्षकाकडे सोपवावीत, म्हणजे दिवसाचा मोठा भाग एक ओळखीचा चेहरा समोर राहील. पाचवीच्या गुरुजींनी प्रत्येक मुलाविषयी चार ओळी लिहून पुढील शिक्षकाच्या हाती द्याव्यात. कोण वाचताना अडखळते, कोणाच्या घरी आजार आहे, हे गुणपत्रकावर नसते.

आणखी एक बाब केवळ आपल्या समाजाच्या ध्यानी येईल. सहावी ते आठवीची शाळा घरापासून तीन किलोमीटरपर्यंत असू शकते. दुपारचे सत्र साडेपाचला सुटले, तर मार्गशीर्षात चौविहार पाळणाऱ्या घरातील मूल सूर्यास्तापूर्वी जेवू शकत नाही. ते एक तर उपाशी झोपते किंवा नियम मोडते. सहावीला सकाळचे सत्र देणे मुख्याध्यापकांच्या हाती असते. येत्या जूनचे वेळापत्रक मंजुरीस येईल तेव्हा विश्वस्तांनी सहावीचे पान आधी उघडावे, वर्गशिक्षकाचे तास मोजावेत आणि शाळा सुटण्याची वेळ पाहावी.