गलबत : एका शब्दाची हकीकत

गलबत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं नारळ, कौलं नाहीतर मीठ लादलेलं एखादं शिडाचं जहाज. पण अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी कोकणकिनाऱ्यावर गलबतांची रांग दिसली, की परक्या कप्तानाच्या पोटात गोळा येई. कारण तेव्हा गलबत ही लढाऊ नौका होती.

शिवछत्रपतींच्या आरमारातली जहाजे सांगताना सभासद गुराबांबरोबर गलबतांचेही नाव घेतो. गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. गलबत लहान, सहसा ७० टनांच्या आतले. एक मोठे तिकोनी शीड, ४०-५० वल्ही आणि हलक्या तोफा. वारा पडला की विलायती जहाज जागीच खिळे. मग गलबतांनी गुराबांना दोर लावून शत्रूच्या पिछाडीला ओढीत न्यायचे. गुराबांनी तोफांनी डोलकाठ्या मोडायच्या आणि गलबतांतल्या माणसांनी जहाजावर चढायचे. कान्होजी आंग्र्यांची जरब होती ती या जोडीच्या जोरावर.

आता शब्दाकडे वळू. 'गुराब' मूळचा अरबी. त्या भाषेत त्याचा एक अर्थ कावळा! 'गलबत' हा पोर्तुगीज 'गालेओता'वरून, म्हणजे वल्ह्यांच्या लहान युद्धनौकेच्या नावावरून आला असावा, असे जाणकार मानतात. म्हणजे ज्यांच्याशी समुद्रावर झुंजायचे, त्यांचाच शब्द आपण घेतला. पुढे इंग्रजांच्या दप्तरात गलबताचे 'गॅलिव्हॅट' झाले आणि गुराबचे 'ग्रॅब'. कंपनीच्या मुंबईच्या आरमारातही याच जातीची जहाजे याच नावांनी वावरू लागली.

फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. समुद्रावरून तोफा डागल्या इंग्रजांनी. पण जमिनीवर त्यांच्या बाजूने उभी होती पेशव्यांची फौज. ही गोष्ट आजही मनाला लागते. मराठ्यांची जहाजे त्यानंतरही समुद्रावर होती, पण तो दरारा पुन्हा आला नाही. हळूहळू गलबतावरची तोफ उतरली, तशी ती शब्दातूनही उतरली. उरला तो माल.

परका शब्द घेतल्याने मराठीचे काही बिघडले नाही. आपल्या खलाशांनी तो असा वागवला, की इंग्रजांना तो त्यांच्या भाषेत घ्यावा लागला. त्यातला लढाईचा अर्थ गेला, तो मात्र आपण समुद्र सोडला तेव्हा.