मालट्रकचा विमा : हप्ता कशाने वाढतो?



ऊस कारखान्याला जातो, कांदा बाजाराला जातो. म्हणून गावोगाव मालट्रक आले. ट्रक आला की विमा आलाच. पण विम्याचा हप्ता ऐकून माणूस दचकतो. म्हणतो, "शेजाऱ्याला कमी, अन् मलाच एवढा का?" ते आज पाहू.

विम्याच्या हप्त्याचे दोन भाग असतात.

पहिला भाग दुसऱ्यांसाठी. आपल्या ट्रकखाली कुणी सापडला, कुणाची बैलगाडी मोडली, तर त्याची भरपाई यातून होते. मोटार वाहन कायदा, 1988 प्रमाणे हा विमा सक्तीचा आहे. त्याचा दर सरकार ठरवते. ट्रक आणि माल मिळून किती वजनाला परवानगी आहे, ते आर. सी. पुस्तकात लिहिलेले असते. त्यावर हा दर बसतो. 1 जून 2022 पासून भाड्याने माल नेणाऱ्या साडेसात टनांपर्यंतच्या ट्रकला वर्षाचा दर 16,049 रुपये झाला. चाळीस टनांच्या वर 44,242 रुपये झाला. कर निराळा. इथे घासाघीस चालत नाही.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या ट्रकसाठी. ट्रक उलटला, जळला, चोरीला गेला, तर हा भाग कामाला येतो. ट्रकची किंमत किती, तो किती जुना, कोणत्या शहरात नोंदलेला, यावर हा हप्ता कमीजास्त होतो.

इथे एक चूक होते. समजा, ट्रकची किंमत दहा लाख आहे. धाकटा भाऊ म्हणतो, "दादा, सहा लाखच लिहू. हप्ता वाचेल." हप्ता वाचतो खरा. पण ट्रक घाटात कोसळून पार निकामी झाला, तर जास्तीत जास्त सहा लाखच हाती येतात. बँकेचे कर्ज मात्र तसेच डोक्यावर राहते. थोडे वाचवले आणि घर बुडाले!

मग हप्ता कमी कसा करावा? जपून चालवून. वर्षभर कंपनीकडे भरपाई मागितली नाही, तर पुढच्या वर्षी या दुसऱ्या भागात शेकडा 20 सूट मिळते. अशी पाच वर्षे गेली, तर सूट शेकडा 50 होते. तिला 'नो क्लेम बोनस' म्हणतात. भरपाई घेतली की ही सूट जाते.

समजा, दुसरा भाग 12,000 रुपयांचा आहे आणि तुमची सूट शेकडा 35 झाली आहे. म्हणजे 4,200 रुपये वाचतात. मग दिवा फुटला, दोन हजारांचे काम निघाले, तर ते पदरचे करावे. दोन हजारांसाठी चार हजारांची सूट का घालवायची?

आणखी एक, बरं का. मुदत संपण्याआधीच विमा पुन्हा उतरवा. मुदत संपून 90 दिवस उलटले, तर साठवलेली सूट बुडते. शिवाय मधल्या दिवसांत अपघात झाला, तर सारी भरपाई मालकाच्याच गळ्यात पडते.

तुम्ही आता वाचायला शिकलात. आज घरी गेल्यावर विम्याचा कागद काढा. ट्रकची किंमत, वजन आणि मुदतीची तारीख, या तीन गोष्टी स्वतः वाचा. सही त्यानंतर करा.