पायाळू मूल आणि त्याची आई



चालकांनी माझे नाव आणि आजचा विषय एकाच कागदावर छापला, तेव्हा गावातल्या दोघातिघांनी मला हसत विचारले की, संप आणि टाळेबंदी सोडून तुम्ही सुईणपण केव्हापासून धरले? प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नव्हे. माझी शाळा नववीत सुटली. पुढे जे वाचन झाले ते वाचनालयाच्या बाकावर, शब्दकोश शेजारी ठेवून. पण वालीव-सातिवलीच्या गाळ्यांतून युनियनचे काम करताना बायकांचे रजेचे अर्ज लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले. त्या अर्जांत 'मूल पायाळू आहे' हे वाक्य अनेकदा लिहावे लागले. जे आपल्याला कळत नाही ते आपल्या हाताने लिहू नये, एवढ्याच हेतूने मी हा विषय वाचावयास घेतला. डॉक्टरांना विचारले, पुस्तके पाहिली. ते आज आपणांपुढे ठेवतो. सभेत पुरुष अधिक दिसतात. बरेच झाले.

पायाळू हा आपला फार जुना शब्द आहे. डोक्याऐवजी पायांकडून जन्मलेले ते पायाळू. त्याच्याभोवती आपण किती गोष्टी रचल्या आहेत! पायाळू माणसाने पाठीवर लाथ मारली की उसण जाते. त्याच्या डोळ्यांत अंजन घातले की जमिनीतले धन दिसते. त्याच्यावर वीज पडते. आमच्या लहानपणी आळीत असा एक गृहस्थ होता. पाठ धरलेली माणसे त्याच्या दारात येत आणि तोही बिचारा जेवण अर्धे टाकून लाथ मारायला उठे. पण एक गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. या साऱ्या कथा जगलेल्या मुलाच्या आहेत. ज्या मुलाचे डोके आत अडकून राहिले, त्याची कथा कोणी सांगत नाही. ज्या आईने ते सोसले, तिचीही नाही.

मूल असे उलटे का बसते? गर्भाशयात सातव्या महिन्याच्या सुमारास शंभरांतली वीस-पंचवीस मुले डोके वर करूनच असतात. पुढे जागा अपुरी पडू लागते तशी बहुतेक आपणहून कोलांटी घेतात, आणि दिवस भरेपर्यंत शंभरांत तीन-चारच तशी उरतात. जुळे असले, दिवस भरण्याआधी कळा आल्या, वार खाली बसली, पाणमोटेतले पाणी फार किंवा फार थोडे झाले, गर्भाशयाची घडण वेगळी असली किंवा त्यात गाठ असली, तर मूल उलटे राहण्याचा संभव वाढतो. पण पुष्कळदा काहीच कारण सापडत नाही. ग्रहणात भाजी चिरली म्हणून, मशीनवर उभी राहिली म्हणून, दादरला भाजीची टोपली घेऊन गेली म्हणून मूल फिरत नाही. हे मी मुद्दाम मोठ्याने सांगतो, कारण अर्ज लिहिताना बाई मान खाली घालून विचारते, "भाऊ, माझंच काही चुकलं का?" आणि शेजारी उभी असलेली सासू त्या प्रश्नाला उत्तर देत नाही.

उलट्या मुलाच्याही तऱ्हा आहेत. कोणी ढुंगण खाली आणि दोन्ही पाय सरळ वर, तोंडापाशी, असे असते. या तऱ्हेची मुले सर्वांत जास्त. कोणी मांडी घालून बसल्यासारखे असते. कोणाचे एक किंवा दोन्ही पाय खाली लोंबतात, आणि ही तऱ्हा सर्वांत वाईट. पायांनी वाट पुरती भरत नाही. त्या फटीतून नाळ खाली घसरते, दाबली जाते आणि मुलाचा प्राणवायू तुटतो. सोनोग्राफीच्या कागदावर नुसते 'उलटे' असे वाचून थांबू नका. कोणत्या तऱ्हेचे उलटे, हे विचारा.

धोका कशात आहे, तो नीट समजून घ्यावा. मुलाच्या अंगात सर्वांत मोठा आणि टणक भाग डोके. ते आधी आले की वाट तेच करते, मागचे अंग सहज येते. उलट्या मुलात हा क्रम फिरतो. मऊ अंग आधी येते आणि डोके शेवटी, तेव्हा नाळ दाबलेली असते आणि हाताशी मिनिटेच असतात. अशा वेळी घाबरून कोणी मुलाला ओढले, तर मुलाचे हात डोक्याकडे वर जातात, हनुवटी छातीवरून सुटते, मान मागे जाते, आणि जे डोके निघाले असते तेच अडकते. म्हणून जाणते डॉक्टर अशा बाळंतपणात हात आवरून उभे राहतात. कळांनी मूल नाभीपर्यंत येऊ देतात, आणि नेमक्या ठिकाणी नेमका हात लावतात. उद्या भाईंदरच्या खाडीवर गाडीत कोणा बाईला कळा आल्या आणि पाय दिसले, तर एवढे एक लक्षात असू द्या: ओढायचे नाही. आणि पाणी जाऊन नाळ बाहेर दिसली, तर तिला गुडघे टेकवून, छाती खाली व कंबर वर अशी ठेवावी आणि १०८ ला फोन करावा.

हे ज्ञान साहेबाने आणले असे कोणी समजू नये. सुश्रुताने मूढगर्भावर स्वतंत्र विवेचन केले आहे. मुलाच्या मांड्या आधी आल्या तर काय करावे, एकच आली तर काय, ढुंगण आले तर ते वर लोटून पाय कसे सरळ करावेत, हे त्यात क्रमाने आहे. आपल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियात वैद्यकीची पदवी घेतली, तेव्हा प्रबंधाला विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचाच. या बाईंनी चौदाव्या वर्षी स्वतःचे मूल जन्मानंतर दहा दिवसांत गमावले होते. विषय त्यांना पुस्तकातून सुचला असेल असे मला वाटत नाही.

आता आजच्या आईपुढे कोणते मार्ग आहेत ते पाहू.

पहिला मार्ग मूल बाहेरून फिरवण्याचा. छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात डॉक्टर पोटावर हात ठेवून मुलाला हळूहळू कोलांटी घ्यायला लावतात. हे इस्पितळातच करावयाचे. आधी सोनोग्राफी, मुलाच्या ठोक्यांची नोंद, गर्भाशय सैल पडण्याचे औषध, आणि गरज पडल्यास शस्त्रक्रियेची तयारी. सुमारे निम्म्या वेळा ते साधते. पहिलटकरणीत थोडे कमी, आधी बाळंत झालेलीत जास्त. तातडीने सिझेरियन करावे लागण्याचा प्रसंग दोनशेंत एखाद्या वेळी येतो. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर त्याचे इंजेक्शन द्यावे लागते. वार खाली असेल, जुळे असेल, रक्त जात असेल किंवा पाणमोट फुटली असेल, तर हा प्रयोग करीत नाहीत. आणि घरी तेल लावून पोट चोळून मूल फिरवणाऱ्या हाताला, तो कितीही मायेचा असला तरी, कृपा करून नमस्कार करून परत पाठवा. आत वार कोठे आहे आणि नाळेचा वेढा कसा आहे, हे त्या हाताला दिसत नाही.

आश्चर्य हे की हा मार्ग आहे एवढेही पुष्कळ बायकांना कोणी सांगत नाही. मी ज्यांना विचारले त्यांतल्या बहुतेकींना 'मूल उलटे आहे, सिझर करावे लागेल' एवढे एकच वाक्य ऐकवले गेले होते.

दुसरा मार्ग सिझेरियनचा, तिसरा खालून बाळंतपणाचा. या दोहोंत फार मोठा वाद झाला. इ. स. २००० मध्ये सव्वीस देशांतल्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांवर केलेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. ठरवून सिझेरियन केलेल्यांत मूल दगावण्याचे किंवा त्याला गंभीर इजा होण्याचे प्रमाण १.६ टक्के, तर खालून बाळंतपण ठरवलेल्यांत ५ टक्के आढळले. त्यानंतर देशोदेशींच्या डॉक्टरांनी एकदम सिझेरियनचा मार्ग धरला. २००४ साली त्याच मुलांपैकी काहींची दोन वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा मृत्यू आणि वाढीतला दोष यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. २००६ साली फ्रान्स-बेल्जियममधल्या आठ हजारांवर बाळंतपणांचा अभ्यास आला. जिथे निवड काटेकोर आणि हात सरावलेले होते, तिथे दोन्ही मार्गांत लक्षणीय अंतर पडले नाही. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली दिलेले आकडे असे: उलट्या मुलासाठी ठरवून सिझेरियन केल्यास मूल दगावण्याचा धोका दोन हजारांत एक, खालून प्रयत्न केल्यास हजारांत दोन, आणि मूल सरळ असताना खालून बाळंतपण झाल्यास हजारांत एक.

म्हणजे धोका आहे, पण तो किती, हे हात कोणाचा यावर अवलंबून आहे. आणि तो हातच आता दुर्मिळ झाला! आमच्या धंद्यातले उदाहरण देतो. सीएनसी यंत्रे आली, आणि नुसत्या बोटाने मापातला फरक सांगणारा जुना टर्नर निवृत्त झाला. त्याच्या जागी नवा कोणी शिकला नाही, कारण शिकायला कामच उरले नाही. पायाळू बाळंतपणाचे तसेच झाले आहे. तरुण डॉक्टरांनी ते पाहिलेलेच नसते. अशा डॉक्टरकडे हट्ट धरून खालून बाळंत होणे म्हणजे शिकाऊ माणसाला चालत्या यंत्रापुढे उभे करणे होय. मूल बेताच्या वजनाचे, पाय लोंबत नसलेले, मान मागे न गेलेले, डॉक्टर सरावलेला आणि शस्त्रक्रियेची खोली त्याच इमारतीत तयार, एवढे जुळले तरच हा मार्ग. त्यातही शंभरांत चाळीसएक जणींना अखेर सिझेरियनच लागते. माझे मत विचाराल तर, आपल्या बाजूच्या एका डॉक्टरच्या लहान प्रसूतिगृहात ठरवून केलेले सिझेरियन बरे. पण आधी मूल फिरवून पाहता येईल का, हे विचारल्यावाचून नव्हे.

सिझेरियनविषयी लोकांच्या मनात संशय आहे आणि तो निराधार नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खाजगी इस्पितळांतली ४७ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली, सरकारी इस्पितळांत १४ टक्के. इतका फरक बायकांच्या शरीरात नसतो, तो बिलात असतो. पण या संशयापोटी उलट्या मुलाच्या आईने चांगला सल्ला नाकारू नये. सरकारी इस्पितळात २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझेरियन, औषधे, रक्त, तपासण्या, जेवण आणि येण्याजाण्याची गाडी, सारे विनामूल्य मिळावयाचे असते. कोणी पैसे मागितले तर पावती मागावी.

आता बाळंतिणीकडे वळू. सिझेरियन म्हणजे पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे, ही गोष्ट घरात कोणी मनावर घेत नाही. एखाद्या पुरुषाचे हर्निया कापले तर तो महिनाभर आरामखुर्चीत असतो! तिला मात्र चौथ्या दिवशी मूलही पाहायचे आणि पाहुणेही. चोवीस तासांच्या आत तिने आधाराने उठून चालावे, म्हणजे पायांत रक्ताची गुठळी होत नाही. पुढे सहा आठवडे मुलाहून जड काही उचलू नये. हंडा नाही, गादी नाही, पिंप तर नाहीच. पाणी तोडण्याची जुनी रीत सोडावी. दूध यायला पाणी लागते. अळीव आणि डिंकाचे लाडू चालू द्यात, पण डाळ, भाजी, अंडे, मासळी बंद करू नका. चीक टाकू नये, तासाभरात मूल अंगावर घ्यावे. ताप, टाक्यांतून पू, दुर्गंधी येणारा स्राव, पोटरीला सूज, रक्त फार जाणे, डोके फार दुखणे, यांपैकी काही झाले की त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. पुढचे मूल किमान दीड-दोन वर्षे नको. पुढच्या वेळी सिझेरियनच होते असेही नाही. योग्य निवड केली तर शंभरांत सत्तरएक जणी खालून बाळंत होतात, पण त्याची सोय असलेल्या इस्पितळातच.

मुलाकडेही पाहावे लागते. उलट्या मुलाचे खुब्याचे सांधे कधी कधी सैल असतात. म्हणून जन्मल्यावर डॉक्टरांकडून ते तपासून घ्यावेत आणि सुमारे सहाव्या आठवड्यात खुब्यांची सोनोग्राफी करून घ्यावी. वेळीच कळले तर पट्ट्याने बरे होते. चालताना कळले तर शस्त्रक्रिया. पाय सरळ करून घट्ट बांधू नयेत. आपल्या बायका मूल कडेवर घेतात, ती रीत खुब्यांना फार चांगली आहे.

आणि आता माझा खरा प्रांत. परळला नवरोजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ साली उभे राहिले ते गिरणगावच्या बायकांसाठी. ना. म. जोशी यांनी प्रसूतिसाहाय्याचे विधेयक १९२४ सालीच मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले होते. मुंबई कायदेमंडळात १९२८ साली तसाच प्रश्न आला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना सांगितले की, बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारने मोठ्या प्रमाणात उचलावा. १९२९ साली मुंबई इलाख्याचा कायदा झाला. १९६१ साली देशाचा झाला. २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी रजा बारा आठवड्यांची सव्वीस झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे सारे सामाजिक सुरक्षा संहितेत आले. आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम भरले असेल, तर कंत्राटी असो वा कायम, रजा मिळते. सव्वीसपैकी आठ आठवडे आधी घेता येतात. बाळंतपणानंतर सहा आठवडे तिला कामावर घेणे हाच मालकाचा गुन्हा आहे. बाळंतपणामुळे आजार उद्भवला, टाके पिकले, तर दाखला दाखवून आणखी एक महिना पगारी रजा मिळते. हे कलम फारच थोड्यांना ठाऊक असते.

एका प्लास्टिकच्या गाळ्यातली बाई. पायाळू मूल, सिझेरियन. पाचव्या आठवड्यात पर्यवेक्षकाचा निरोप आला: ये, नाहीतर दुसरी ठेवतो. ती आली, दिवसभर उभी राहिली, टाके उसवले. आम्हांला कळले तेव्हा ती पुन्हा इस्पितळात होती. रजेचे पैसे भांडून मिळवले. पण तिने आधी विचारले असते तर तो निरोप कागदावर मागा, एवढेच मी सांगितले असते. असे निरोप कागदावर कधी येत नाहीत.

ज्या बायका टोपली घेऊन पहाटेची गाडी धरतात, घरी बसून तुकड्यावर काम करतात, त्यांना यांतले काहीच नाही. पहिल्या मुलाला मातृवंदना योजनेचे पाच हजार आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार, एवढेच. त्या पाच हजारांत सहा आठवडे टोपली न उचलणारी बाई मला कोणी दाखवावी. यासाठी अजून कायदा व्हावयाचा आहे, आणि तो मागणाऱ्यांत त्या बायकांची संख्या मोठी असली पाहिजे.

अर्जाचा नमुना मी सोबत आणला आहे. नाव, प्रसूतीची संभाव्य तारीख, रजा केव्हापासून, आणि आपल्यामागे पैसे कोणी घ्यावेत त्याचे नाव, एवढे लिहावयाचे असते. दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. सभा संपल्यावर मी त्या दाराशी उभा आहे.