पाण्याचे विरजण

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणीसबाईंनी मला भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "मासे." त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "तळलेले की कालवणाचे?" मंडळाचा लौकिक पाहता प्रश्न अगदी रास्त होता. तथापि मला ज्या माशांविषयी बोलावयाचे आहे ते कढईत जाणारे नव्हेत, काचेच्या टाकीत फिरणारे आहेत.

आपल्यापैकी काहींना ठाऊक आहेच, की आमच्या भागात मत्स्यालयाचा छंद असलेल्या वीस-पंचवीस घरांचे एक लहानसे मंडळ आहे. त्याला ना फलक, ना शिक्का. महिन्यातल्या एका रविवारी कोणाच्या तरी घरी जमावयाचे, आधी त्या घरच्या टाकीची तपासणी, मग चर्चा आणि शेवटी पोहे, एवढाच शिरस्ता. आमच्यातील पुष्कळांना हे वेड लावले ते चर्नी रोडच्या तारापोरवाला मत्स्यालयाने. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ते उघडले आणि मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी तेथे काचेला नाक लावून मासे पाहिले. २०१५ मध्ये त्याचे नूतनीकरण झाले, आणि २०२० च्या साथीत दारे बंद झाली. तेव्हापासून आमच्या घरच्या टाक्यांपुढे सोसायटीतल्या मुलांची गर्दी वाढली आहे, हेही सांगून ठेवते.

आता हा छंद म्हणजे काय? लोकांना वाटते, मासे पाळणे. वस्तुतः आम्ही पाळतो ते पाणी. पाणी सुखरूप असले की मासा आपला आपण सुखरूप राहतो. मासा श्वास घेतो त्या कल्ल्यांवाटेच अमोनिया बाहेर टाकतो. न खाल्लेले अन्न कुजते, त्याचाही अमोनियाच होतो, आणि तो माशाला विष आहे. नदीत तो वाहून जातो, विरून जातो. टाकीला मात्र चारी बाजूंनी भिंती! तेथे माशाला तारतात ते डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते बेताचे असेल तोवर माशाला बाधत नाही. हे जिवाणू वाळूवर, दगडांवर, गाळणीच्या स्पंजावर घर करतात, आणि त्यांची वस्ती नीट बसावयास चार ते सहा आठवडे लागतात. दुकानातून टाकी आणली, नळाचे पाणी भरले आणि त्याच संध्याकाळी दहा मासे सोडले, तर आठवड्याभरात ते का मरतात, हे आता आपल्या ध्यानात आले असेल. दुकानदार म्हणतो मासा नाजूक होता. मासा नाजूक नसतो, पाणी कच्चे असते.

यावर तोड अशी, की जुन्या टाकीच्या गाळणीतला मळका स्पंज नव्या टाकीच्या गाळणीत ठेवावयाचा. एका टाकीतले जिवाणू दुसरीत जातात आणि काम लवकर सुरू होते. हे ऐकल्यावर आमच्या मंडळातील एक काकू म्हणाल्या, "अहो, म्हणजे हे विरजणच की!" तेव्हापासून आमच्याकडे स्पंजाला विरजण हाच शब्द रूढ झाला आहे. शेजारणीच्या दारी वाटी घेऊन जावे तसे आमचे सभासद डबा घेऊन एकमेकांकडे विरजण मागावयास जातात. अर्थात ज्या टाकीत रोग आहे तिचे विरजण कोणी मागू नये, आणि कोणी देऊही नये.

या विरजणाचा खरा शत्रू म्हणजे आपला स्वच्छतेचा हव्यास. दिवाळीची आवराआवर निघाली की घरातील तांब्या-पितळेबरोबर टाकीचाही नंबर लागतो. सगळे पाणी ओतून द्यावयाचे, वाळू खळखळून धुवावयाची, काच साबणाने लख्ख करावयाची! टाकी आरशासारखी दिसते आणि पाडव्याच्या आत मासे पाठीवर तरंगतात. टाकीजवळ साबण आणूच नये. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे, नळाचे पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवून त्यातील क्लोरीन उडू द्यावा, आणि स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा. एवढ्याने भागते.

दुसरा शत्रू आपला पाहुणचार. सकाळी आजी मूठभर दाणे टाकते, शाळेतून आलेला नातू टाकतो, संध्याकाळी आलेले पाहुणे कौतुकाने टाकतात, आणि रात्री यजमान, "आज कोणी घातले की नाही?" म्हणून पुन्हा टाकतात. मासा थंड रक्ताचा प्राणी आहे, त्याला आपल्यासारखी भूक नसते. दोन मिनिटांत संपेल एवढेच, दिवसातून एकदा. आमच्या एका सभासदांनी टाकीवर पाटी लावली आहे: "मासे जेवले आहेत." वास्तविक ही पाटी प्रत्येक घरात हवी.

काचेच्या गोल भांड्यातल्या गोल्डफिशबद्दल मी फार बोलणार नाही, कारण मला राग येतो. हा मासा वीतभर वाढणारा आहे. नीट सांभाळला तर दहा-वीस वर्षे सहज जगतो. इंग्लंडात टिश नावाचा एक गोल्डफिश त्रेचाळीस वर्षांचा होऊन १९९९ साली वारला. आपण त्याला भांड्यात घालतो आणि तीन महिन्यांत मेला की "त्यांचे आयुष्यच तेवढे" म्हणतो. असो.

यंदाच्या कामाचा वृत्तांत मी थोडक्यात देते. पावसाळ्यात एका रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. हवेचे पंप बंद पडले. पंपाचे बुडबुडे शोभेचे नसतात. ते पाण्याचा पृष्ठभाग ढवळतात आणि तेथूनच हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळतो. त्या रात्री आमच्या एका घरी सासूबाई आणि सून पाळीपाळीने उठल्या, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी टाकीतलेच पाणी तांब्याने वरून धार धरून टाकीत ओतत राहिल्या. एकही मासा गेला नाही. पुढच्या रविवारी त्या दोघींचा आम्ही नारळ देऊन सत्कार केला. बॅटरीवर चालणारा लहान पंपही मिळतो, तो आता बहुतेकांनी घेऊन ठेवला आहे.

या प्रसंगावरून मला इतिहासातली एक गोष्ट आठवली. १८४६ साली लंडनमधल्या अॅना थिन या बाईंनी समुद्रकाठाहून जिवंत प्रवाळ घरी आणले आणि ते काचपात्रात जगवून दाखविले. तेव्हा पंप कोठला! त्यांच्या घरची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशी उभी राहून ते खारे पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतीत असे. इतिहासात नाव बाईंचे राहिले. हात त्या मोलकरणीचे होते. आणि त्याही आधीची कथा आणखी मोठी आहे. फ्रान्समधल्या एका चांभाराची मुलगी, झान व्हिलप्रे-पॉवर, पॅरिसला कपडे शिवण्याचे काम करीत होती. १८१६ साली एका राजकन्येच्या विवाहवस्त्रामुळे तिचे नाव झाले. पुढे लग्न होऊन ती सिसिली बेटावरील मेसिनाला गेली. तेथल्या समुद्रात आर्गोनॉट नावाचा आठ बाहूंचा जीव पातळ, कागदासारख्या शिंपल्यात राहतो. तो शिंपला त्याचा स्वतःचा की दुसऱ्या कोणाचा बळकावलेला, यावर विद्वानांचा वाद चालला होता. झानने १८३२ साली काचेच्या टाक्या करवून घेतल्या, जिवंत आर्गोनॉट त्यात ठेवले आणि रोज पाहून सिद्ध केले की तो शिंपला त्या जीवाची मादी स्वतःच तयार करते. पुस्तकी पंडितांना जे सुटले नाही ते सुईदोऱ्याची सवय असलेल्या एका बाईने धीराने पाहून सोडविले. तेव्हा टाकी घरात आणतात बाप-लेक आणि पाणी बदलते आई, अशी तक्रार करणाऱ्या भगिनींनी एवढे लक्षात ठेवावे, की हा छंद मुळात आपलाच आहे.

आता ज्या कामासाठी मी मुख्यतः येथे उभी आहे त्याकडे वळते.

आपले ठाणे तलावांचे गाव. मासुंदा, कचराळी, उपवन ही नावे आपल्या रोजच्या बोलण्यातली. घर बदलावयाचे ठरते, मासा टाकीत मावेनासा होतो, किंवा मुलांचा उत्साह मावळतो, तेव्हा पुष्कळ घरांतून मासा पिशवीत घालून जवळच्या तळ्यात सोडला जातो. हात जोडून सोडला जातो. सोडणाऱ्याच्या मनात दयाच असते, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. एका जिवाला बंधनातून सोडविले, असे समाधान घेऊन माणसे घरी येतात.

परंतु मासा कोणता, हे पाहावयास नको का? दुकानात "टाकी साफ करणारा" म्हणून दोन बोटांएवढा काळपट, ठिपक्यांचा सकर मासा मिळतो. तो दक्षिण अमेरिकेतला. टाकीत तो फूटभर, त्याहूनही मोठा होतो. त्याच्या अंगावर हाडांचे चिलखत असते, त्यामुळे बगळ्यालाही तो गिळवत नाही. पाणी घाण झाले तर तो वर येऊन हवा गिळतो आणि पोटाच्या आधारे श्वास घेतो, म्हणजे जेथे इतर पुष्कळ मासे कासावीस होतील तेथे हा सुखाने नांदतो. नर काठाच्या मातीत बिळे करून अंडी राखतो, आणि काठ ढासळतात. कोळ्यांच्या जाळ्यात सापडला तर काट्यांनी जाळे फाडतो आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. उजनीच्या जलाशयात तो पोचला आहे. २०२० साली वाराणसीला गंगेत सापडला. २०१८ च्या महापुरानंतर केरळातील नद्यांत अॅमेझॉनचा अरापैमा आढळला. २०२३ साली काश्मीरच्या दल सरोवरात मगरीसारख्या तोंडाचा अमेरिकन गार मासा निघाला. यातला एकही मासा आपल्या पायांनी आलेला नाही. कोणी ना कोणी त्याला हौसेने पाळण्यासाठीच आणले होते.

गप्पी माशाचे मात्र मला वेगळे सांगितले पाहिजे, कारण हिवतापाच्या कर्मचाऱ्यांनी तो हौदात सोडलेला आपण पाहिला आहे. बंद हौदात, पिंपात, कारंज्यात तो डासांच्या अळ्या खातो, तेथे तो असावा. वाहत्या ओढ्यात आणि तळ्यात तो नको. तेथे तो इतर माशांची अंडी-पिल्लेही खातो, आणि मादी दर महिन्याला पिल्ले घालते. आपल्या ओढ्यांतला डोक्यावर चांदीची टिकली असलेला लहान पॅनचॅक्स हेच काम शतकानुशतके करीत आला आहे.

म्हणून आमच्या मंडळाने यंदा "परतीची टाकी" ठेवली. नको झालेला मासा आमच्याकडे आणून द्यावा, कारण विचारले जात नाही. गोल्डफिश आले, एंजल आले, त्यांना नवी घरे मिळाली. एक लाल कानाचे परदेशी कासवही आले. आणि एका संध्याकाळी एक गृहस्थ आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलीसह बादली घेऊन आले. बादलीत फूटभर लांबीचा सकर. ते तळ्याकडेच निघाले होते, वाटेत कोणी तरी आमचा पत्ता दिला.

त्या सकरवरून आमच्या मंडळात पहिल्यांदा आवाज चढले. याला कोण घेणार? काहींचे म्हणणे, लवंगेच्या तेलाने गुंगी आणून त्याला वेदनेविना मरण द्यावे. शास्त्रात ते बसते. काहींना ते ऐकवेना. एक आजी म्हणाल्या, "मी जन्मभर बाजारातून मासे आणून कापले, पण माझ्या दारी आलेला मी मारणार नाही." मला स्वतःला विचाराल, तर तळ्यात सोडण्यापेक्षा ते गुंगीचे मरण शतपटीने बरे, आणि मी ते त्या बैठकीत स्पष्ट बोलले. पण ती मुलगी बादलीपाशी उकिडवी बसून सगळे ऐकत होती. शेवटी असे ठरले, की मोठ्या टाकीची सोय आहे तोवर त्याला सांभाळावे. ती मुलगी दर रविवारी येते, त्याला काकडीची चकती घालते, आणि दुकानात कोणी दोन बोटांचा सकर विकत घेताना दिसला तर त्याला अडवून हाताने माप दाखविते, "एवढा होतो!" आमच्या सगळ्या पत्रकांपेक्षा तिचा उपयोग जास्त झाला आहे.

अडचण ही, की ती मोठी टाकी ज्यांच्या तळमजल्यावर आहे त्यांची इमारत दिवाळीनंतर पुनर्विकासासाठी रिकामी होणार आहे. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. भरली की नुसत्या पाण्याचे वजन अडीचशे किलोच्या घरात जाते, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत ती नेता येत नाही. आपल्या मंडळाच्या मागील ओसरीवर, शिवणयंत्रांच्या पलीकडे, तेवढी जागा मोकळी आहे. मी चिटणीसबाईंसह जाऊन मोजून आले. फरशी पक्की आहे, नळ जवळ आहे, ऊन फक्त सकाळचे येते. लोखंडी स्टँड, पंप, विजेचा खर्च आणि दर आठवड्याचे पाणी बदलणे आमच्याकडे राहील. बदललेले पाणी आपल्या कुंड्यांना घालावे, त्यातील नायट्रेट झाडांना चांगले मानवते. येत्या बुधवारी कार्यकारिणीची बैठक आहे असे कळले. त्यात हा अर्ज घ्यावा अशी माझी विनंती आहे. अर्ज मी लिहून आणला आहे, तो आता अध्यक्षीणबाईंच्या हाती देते.