पान, सुपारी आणि पेशी
(अंजनगाव सुर्जी येथील प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



अंजनगाव सुर्जीचे नाव घेतले की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे शिंदे आणि इंग्रज यांच्यात १८०३ साली येथे झालेला तह. दुसरी म्हणजे येथले पानमळे. पानावर आणि पानपिंपरीवर येथे कितीतरी घरांच्या चुली पेटतात. अशा गावात तोंडाच्या कर्करोगाविषयी बोलायचे म्हणजे जरा जपूनच बोलावे लागते. पण पान पिकवणाऱ्यांनी आधीच घाबरू नये. खरा दोषी कोण, ते आम्ही पुढे सांगणारच आहोत. तो कसा सापडला, ते आधी ऐका.

पेशी म्हणजे काय?

भिंत विटांची असते. तसे आपले शरीर पेशींचे असते. पेशी इतकी बारीक असते की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तिला पाहायला सूक्ष्मदर्शक यंत्र लागते. पण वीट निर्जीव असते आणि पेशी जिवंत असते. ती अन्न घेते, आपले काम करते, आणि वेळ आली की एकीच्या दोन पेशी होतात.

निंदताना विळा बोटाला लागतो. आठ-पंधरा दिवसांत जखम भरून येते. ती कोण भरते? जखमेच्या काठावरच्या पेशी भरतात. एकीच्या दोन होतात, दोघींच्या चार होतात. जखम भरली की ही वाढ थांबते. बोटावर मांसाचा डोंगर होत नाही. हे थांबणे फार महत्त्वाचे आहे.

एखादी पेशी थांबायचे विसरली तर? ती वाढतच जाते. तिची गाठ होते किंवा व्रण होतो. ती शेजारच्या चांगल्या भागात घुसते. पुढे रक्तावाटे दूरही जाते. यालाच कर्करोग किंवा कॅन्सर म्हणतात. प्रत्येक गाठ काही कॅन्सरची नसते, हेही ध्यानात ठेवा.

म्हणजे कर्करोग हे बाहेरून आलेले तण नाही. आपल्याच पिकातले एक रोप बहकते, तसा हा प्रकार आहे. हा देवीचा कोप नाही. ही कोणाची करणी नाही. रोग्याला शिवल्याने हा रोग होत नाही. म्हणून रोग्याचे ताट-तांब्या वेगळे ठेवू नका. त्याला ओसरीवर एकटे टाकू नका.

चिठ्ठीतला ‘नको’ पुसला तर?

पेशीला थांबायचे कसे कळते? प्रत्येक पेशीच्या पोटात बारीक धाग्यांच्या जोड्या असतात. त्यांना गुणसूत्रे म्हणतात. माणसाच्या पेशीत अशी ४६ गुणसूत्रे असतात. केव्हा वाढायचे आणि केव्हा थांबायचे, हे सारे त्यांवर जणू लिहून ठेवलेले असते. एकीच्या दोन पेशी होताना या लिखाणाची नक्कल होते.

आता तुम्ही लिहायला शिकला आहात. समजा, तुम्ही घरी चिठ्ठी पाठवली, “आज पाणी सोडू नको.” वाटेत ‘नको’ हा शब्द पुसला गेला. मग काय होईल? पाणी सुटेल आणि वाफा वाहून जाईल. पेशीतही तसेच होते. तंबाखूतली काही विषारी द्रव्ये गुणसूत्राच्या धाग्याला चिकटतात. मग नक्कल चुकते. एका चुकीने बहुधा काही बिघडत नाही, कारण पेशी पुष्कळ चुका दुरुस्त करते. पण रोज पुडी, रोज चूक, असे वर्षानुवर्षे चालले, की एक दिवस नेमका ‘थांब’ हा हुकूमच पुसला जातो. काट्याचा नायटा होतो तो असा.

जेथे गोळी, तेथे व्रण

मुंबईत परळ येथे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील प्रयोगशाळेचे काम डॉ. वसंत रामजी खानोलकर पाहत. रोग्याच्या व्रणाचा छोटा तुकडा घेऊन ते त्यातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासत. नुसता तुकडा पाहून ते थांबले नाहीत. हा माणूस काय खातो, काय चघळतो, तंबाखूची गोळी तोंडात कोठे धरतो, हेही ते विचारत.

जे लोक तंबाखू-चुना मळून खालच्या ओठाच्या आत धरत, त्यांना त्याच जागी कर्करोग झालेला दिसला. जेथे गोळी, तेथे व्रण! लोकांच्या सवयी आणि कर्करोग यांचा हा संबंध त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ साली छापून प्रसिद्ध केला. पुढे १९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले. त्याचे पहिले संचालक खानोलकरच होते.

सीताफळापासून कर्करोगापर्यंत

खानोलकरांच्या हाताखाली एक मराठी बाई तयार झाल्या. त्यांचे नाव डॉ. कमल रणदिवे. त्यांचा जन्म पुण्याचा, १९१७ सालचा. पुण्याच्या शेतकी कॉलेजात त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रे अभ्यासली. झाडाची पेशी काय आणि माणसाची पेशी काय, दोन्हींत गुणसूत्रे असतातच. पुढे त्या मुंबईत कर्करोगाच्या संशोधनाला लागल्या आणि १९४९ साली डॉक्टरेट झाल्या.

त्यानंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोर शहरी डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकायला गेल्या. या प्रयोगशाळेची कथा सांगण्यासारखी आहे. हेन्रिएटा लॅक्स नावाची एक गरीब काळी बाई होती. ती तंबाखूच्या शेतात राबलेली होती. तिला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला. १९५१ साली तिच्या व्रणातला तुकडा या प्रयोगशाळेत आला. त्यातल्या पेशी काचेच्या नळीत, शरीराच्या उबेत, पोषक रसावर वाढवल्या. त्याआधी माणसाच्या पेशी शरीराबाहेर थोडेच दिवस जगत. या मात्र वाढतच राहिल्या. ती बाई त्याच वर्षी वारली, पण तिच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत.

त्या पेशींतच पुढे एका विषाणूचा माग लागला. हा विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातो, कर्करोग मात्र जात नाही. हा विषाणू शोधणाऱ्या जर्मन डॉक्टरांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. याच शोधातून मुलींना त्या कर्करोगापासून वाचवणारी लस निघाली.

काचेत पेशी वाढवण्याची ही विद्या रणदिवेबाई शिकून आल्या. मुंबईच्या केंद्रात त्यांनी तिची प्रयोगशाळा उभी केली. भारतात अशी प्रयोगशाळा ही पहिलीच. १९७६ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुपारी आणि तंबाखू यांच्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. सुपारीच्या अर्काने उंदरांना गाठी झाल्या होत्या. पुढे २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनेही जाहीर केले, की सुपारी माणसाला कर्करोग करणारी आहे, तंबाखू नसली तरीही.

आता दोषी कोण ते कळले ना? तंबाखू आणि सुपारी. नुसत्या विड्याच्या पानाला शास्त्रज्ञांनी दोषी धरलेले नाही. ज्याला विडा हवाच असेल, त्याने पानात बडीशेप, खोबरे, गुलकंद घालावे. पानमळाही राहील आणि माणूसही राहील.

अलीकडे काय कळले?

२०१३ साली भारतातल्या शास्त्रज्ञांनी गालाच्या आणि हिरडीच्या कर्करोगाच्या पेशींतले लिखाण वाचून काढले. त्यात नवी मुंबईतल्या टाटा केंद्राचे शास्त्रज्ञही होते. पेशीला थांबवणारे ‘टीपी-५३’ नावाचे जे लिखाण असते, ते अनेक रोग्यांत बिघडलेले आढळले.

दुसरी गोष्ट रक्ताच्या कर्करोगाची. रोग्याच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढायच्या. कर्करोगाची पेशी ओळखण्याची खूण त्यांना प्रयोगशाळेत शिकवायची. त्या वाढवून पुन्हा रोग्याला द्यायच्या. असा देशी उपचार मुंबईच्या आयआयटीने आणि टाटा रुग्णालयाने मिळून तयार केला. त्याला २०२३ साली सरकारी परवानगी मिळाली. तो काही प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावरच आहे. त्याच्या भरवशावर कोणी पुडी फोडू नये.

आपण काय करावे?

“दिवसभर वावरात राबतो साहेब, खर्रा नसला तं हातच चालत नाही,” असे पुष्कळ जण आम्हांला सांगतात. ते खोटे बोलत नाहीत. तंबाखूतले निकोटिन शरीराला तशी सवयच लावते. सोडल्यावर पहिले काही दिवस डोके दुखते, चिडचिड होते. घरच्यांनी तेवढे दिवस टोमणे मारू नयेत, धीर द्यावा. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर उभे राहा आणि तोंड तपासा. पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन आठवड्यांत न भरलेला व्रण आहे का? साधे तिखटही झोंबते का? आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का? यांतले काहीही खटकले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तेथून गरजेप्रमाणे पुढे पाठवतात. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजींच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईला टाटा आहे.

डॉक्टर तुकडा काढायचा म्हणतील. “चाकू लागला की रोग पसरतो,” असे गावात कोणीतरी सांगेलच. ते ऐकू नका. तुकडा पाहिल्याशिवाय रोग ओळखता येत नाही. रोग पसरतो तो उशिराने. लवकर सापडलेला तोंडाचा कर्करोग पुष्कळदा बरा होतो.

एक शेवटची गोष्ट. हेन्रिएटा लॅक्सच्या पेशी घेतल्या तेव्हा तिला कोणी विचारले नव्हते. त्या कशासाठी वापरणार, हे तिला ठाऊकच नव्हते. आज तसे करता येत नाही. तुमच्या पेशी संशोधनासाठी हव्या असतील, तर कागदावर तुमची संमती घ्यावी लागते. तो कागद आपल्याला कळेल अशा भाषेत मागण्याचा हक्क तुम्हांला आहे. काल तुम्ही तेथे अंगठा लावला असता. आज तुम्हांला अक्षर येते. तो कागद स्वतः वाचा. कळले नाही तर विचारा. मन तयार नसेल तर नाही म्हणा, त्याने उपचार अडत नाही. मन तयार असेल तर आनंदाने सही करा. कोणी तरी अशा पेशी दिल्या, म्हणून आज आपल्याला एवढे कळले.