बिजलीचा खुराक

कविता करणाऱ्या माणसानं आकाशवाणीवर येऊन मांजराच्या वजनाबद्दल बोलावं, याचं तुम्हाला हसू येईल. मलाही आलं होतं. पण डॉक्टरांनी बिजलीला काट्यावर ठेवून आकडा सांगितला आणि हसू मावळलं. सहा किलो आठशे ग्रॅम! आपल्याकडचं घरगुती मांजर साधारण साडेतीन ते पाच किलोंचं असतं.

बिजली अम्मीची. साताऱ्याचं घर बंद करून अम्मी आमच्याकडे सांगलीला आली, तेव्हा झाकणाच्या टोपलीतून हीही एसटीनं आली. साताऱ्यात कौलं होती, उंदीर होते, शेजारच्या बोक्यांशी भांडणं होती. इथं दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. त्यात तिची नसबंदी झालेली. त्यानंतर मांजराची गरज घटते आणि भूक मात्र वाढते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. अम्मीचा हात सढळ. सकाळी दुधात बुडवलेलं बिस्कीट, दुपारी खिमा, संध्याकाळी बांगड्याचं डोकं. शिवाय ‘म्यांव’ म्हटलं की काहीतरी.

डॉक्टर म्हणाले, अंगावरून हात फिरवला तर फासळ्या बोटांना लागल्या पाहिजेत. हिच्या लागत नाहीत. पुढे सांधे धरतील, मधुमेहही होईल. मधुमेह म्हटल्यावर मला आधी अम्मीच आठवली. तिच्याही गोळ्या चालू आहेत.

घरी येऊन मी शहाणपणा केला. आपण महिनाभर रोजे धरतो, हिनं दोन दिवस धरले तर काय बिघडलं? वाटी उचलून ठेवली. रात्री अम्मी दारात आली आणि एवढंच म्हणाली, “भूका नको रख रे उसको.” मांजर बांधून ठेवून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीसमधली गोष्ट तिनं मला लहानपणी कितीदा सांगितली होती. ज्यांच्याकडून हजारो हदीस आल्या त्या अबू हुरैरांच्या नावाचा अर्थच मांजरीच्या पिलाचा बाप, हेही तिनंच सांगितलेलं. मी गप्प राहिलो, वाटी मात्र दिली नाही.

सकाळी डॉक्टरांना फोन केला तर ते अम्मीपेक्षा जास्त रागावले. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही, तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते. जीवही जाऊ शकतो. माणसाचा उपास मांजराला चालत नाही. म्हणजे बी.ए. झालेल्या मुलापेक्षा अम्मीचं बरोबर होतं.

मग रीतसर हिशेब ठरला. आठवड्याला वजनाच्या साधारण एक टक्काच घटवायचं, म्हणजे बिजलीचे साठ-सत्तर ग्रॅम. दूध बंद, मोठ्या मांजरांना ते बहुधा पचतही नाही. दिवसाचा कोरडा खुराक पन्नास ग्रॅम, आणि तो वाटीनं न मोजता काट्यावर तोलून. हा आकडा बिजलीचा. तुमच्या मांजराचा तुमच्या डॉक्टरांना विचारा. वजन करायची युक्ती सोपी आहे. मांजर कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करायची.

महिन्यानं वजाबाकी केली तर बिजली शंभर ग्रॅमनी वाढलेली! पत्नी म्हणाली, अम्मींच्या उशीखाली बघा. उशीखाली रुमालात बिस्किटं होती. मी आवाज चढवला. अम्मी म्हणाली, “माझं गोड बंद केलंत, तिचं दूध बंद केलंत. आता या घरात मी कुणाला काय द्यायचं?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री सुचलं ते इतकंच. सकाळी पन्नास ग्रॅम तोलून स्टीलच्या डबीत भरायचे आणि डबी अम्मीच्या हाती द्यायची. तिला वाटेल तेव्हा, वाटेल तितक्यांदा तिनं द्यावं. डबी रिकामी झाली की दिवस संपला. अम्मीनं पाच वेळा ठरवल्या, नमाजच्या. पहाटे फज्रनंतर दहा-बारा दाणे, तेही एकदम नाहीत. एक दाणा खोलीच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. बिजली धावते, अम्मी मोजते. काठी टेकत तिचीही चार पावलं होतात.

सात महिने लागले. परवा काटा पाच किलो दोनशेवर थांबला. अजून थोडं उतरायचं आहे. पण गेल्या आठवड्यात बिजलीनं खिडकीतून कपाटावर उडी मारली आणि तिथं ठेवलेली डबी खाली पाडली. अम्मी कौतुकानं बघत होती. दाणे मात्र तिनं एकेक करून वेचले आणि डबीत परत भरले.